उपाशी पाण्याची श्रीमंती

जून-जुलैतली अमावस्या होऊन एक-दोन रात्री उलटल्या की हवाई बेटांतल्या कानेओहे उपसागरात, रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमाराला, पाण्याखालचे दगड बाळंत होतात.

दगड म्हणजे आपले दिसायला दगड. प्रत्यक्षात ते मॉन्टिपोरा कॅपिटाटा जातीचं प्रवाळ असतं, हजारो इवल्या प्राण्यांची एक वसाहत. वसाहतीतल्या प्राण्यांच्या, म्हणजे पॉलिपांच्या, तोंडाशी एकेक गोळी येऊन थांबते. तिच्यात अंडीही असतात आणि शुक्राणूही. मग कुणीतरी इशारा केल्यासारख्या उपसागरभरच्या गोळ्या थोड्याच वेळात सुटतात. अंड्यांमध्ये चरबी भरपूर, त्यामुळे गोळी आपोआप वर चढते, पृष्ठभागावर पोचून फुटते आणि शेजारच्या वसाहतींतल्या अंड्यांची नि शुक्राणूंची गाठ पडते. सकाळ होईपर्यंत पाण्यात असंख्य भ्रूण तरंगत असतात. प्रवाह नेईल तिकडे ते जातात. बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात. जे वाचतात ते काही दिवसांनी तळाशी उतरतात, एखादी टणक जागा धरतात आणि मग जन्मभर तिथून हलत नाहीत.

म्हणजे आयुष्याचे पहिले काही दिवस प्रवाळ हे स्वतःच प्लवक असतं. पाण्याबरोबर वाहणारे आणि प्रवाहाविरुद्ध जाण्याची ताकद नसलेले जे जे जीव, ते सगळे प्लवक. आणि एकदा खडकाला चिकटलं की तेच प्रवाळ आपले बारीक शुंडक पसरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्लवकांना पकडतं आणि खातं. काल ज्यांच्यात होतं, आज त्यांच्यावर जगतं.

तरंगणारे आणि ठाण मांडून बसलेले, या दोघांचा व्यवहार समजून घ्यायला कानेओहेइतकी चांगली जागा जगात क्वचितच सापडेल. कारण इथे माणसाने नकळत या व्यवहारात हात घातला, पुढे तो काढून घेतला, आणि दोन्ही वेळा शास्त्रज्ञ शेजारीच बसून मोजमाप करत होते.

डोंगर, बेट आणि निळं वाळवंट

ओआहू हे हवाईचं सर्वांत गजबजलेलं बेट. राजधानी होनोलुलू त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. कोओलाऊ डोंगररांग ओलांडून ईशान्येला उतरलं की कानेओहे लागतं. अक्षांश पाहिला तर जवळपास आपल्या नागपूरचाच. सुमारे तेरा किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असा हा उपसागर मुख्य हवाई बेटांमधला सर्वांत मोठा निवाऱ्याचा जलाशय आहे. मागे कोओलाऊचे हिरवेगार उभे कडे, त्यांवरून उतरणारे ओढे, आणि समुद्राच्या बाजूला लाटा अडवणारी प्रवाळाची रुंद भिंत. भिंतीच्या आत उथळ पाण्यात ठिकठिकाणी वर आलेले प्रवाळाचे सुटे खडक. त्यांच्यामध्ये मोकू ओ लोए नावाचं एक लहानसं बेट आहे. हवाई विद्यापीठाची सागरी जीवशास्त्र संस्था तिथेच आहे. प्रयोगशाळेच्या पायऱ्या उतरल्या की प्रवाळ, अशी सोय फार थोड्या संशोधकांच्या वाट्याला येते.

या भिंतीपलीकडचा प्रशांत महासागर गर्द निळा आहे. तो रंग आपल्याला सुंदर वाटतो, पण समुद्राच्या भाषेत तो उपासमारीचा रंग आहे. पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरसचे क्षार भरपूर असले की सूक्ष्म वनस्पती-प्लवक माजतात आणि पाणी हिरवट होतं. ते नसले की हिरवं काही उगवत नाही, प्रकाश खोलवर जातो आणि पाणी निळं दिसतं. ओआहूच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर ‘अलोहा’ नावाचं एक निरीक्षण-ठिकाण आहे. १९८८ पासून संशोधकांचं जहाज तिथे पुन्हा पुन्हा जातं आणि पृष्ठभागापासून तळापर्यंतच्या पाण्याचे नमुने घेतं. उष्ण कटिबंधालगतचा हा विस्तीर्ण महासागर किती कफल्लक आहे, हे त्या नमुन्यांनी आकड्यांत दाखवलं.

कफल्लक, पण ओसाड नव्हे. अशा चमचाभर पाण्यातसुद्धा लाखो जिवाणू असतात आणि विषाणू त्यांच्या सुमारे दहापट. त्या जिवाणूंमध्येच प्रोक्लोरोकॉकस हा एक सूक्ष्मजीव आहे. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन आणि सहकाऱ्यांनी तो १९८८ मध्ये जगासमोर आणला. हा प्रकाशावर स्वतःचं अन्न बनवणारा आजवर माहीत असलेला सर्वांत लहान जीव. त्याची रुंदी मिलिमीटरच्या दीड हजाराव्या भागाहूनही कमी. तो पृथ्वीवरचा सर्वांत संख्येने जास्त असलेला प्रकाशसंश्लेषक जीव मानला जातो, आणि १९८० च्या दशकापर्यंत तो आहे याचा माणसाला पत्ता नव्हता. देह इतका छोटा असण्यात शहाणपण आहे. आकार जितका लहान, तितका आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि विरळ पाण्यातून दुर्मीळ क्षार शोषून घेणं तितकं सोपं.

महासागराकडून किनाऱ्याकडे यावं तसं हे चित्र बदलत जातं. बेटावरून वाहून येणारे क्षार, खडकाला धडकून वर येणारं पाणी, उथळ तळातून सुटणारी द्रव्यं, या सगळ्यांमुळे बेटाभोवती वनस्पती-प्लवकांचं एक दाट कडं तयार होतं. मॅक्सवेल डोटी आणि मिकिहिको ओगुरी या दोघांनी १९५६ साली याच हवाईच्या पाण्यात त्याची मोजणी करून ते पहिल्यांदा मांडलं. कानेओहेच्या आत तर प्रोक्लोरोकॉकस मागे पडतो आणि त्याचाच थोडा थोराड नातेवाईक सिनेकोकॉकस पुढे येतो. भिंतीच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी काही किलोमीटरच्या अंतराने वेगळं, आणि त्यांचे रहिवासीही वेगळे.

इतक्या गरीब पाण्यात इतकी गर्दी कशी?

आता खरं कोडं. चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळद्वीपांवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. नापीक महासागराच्या मधोमध जीवांनी खचाखच भरलेले प्रवाळखडक उभे कसे राहतात, या प्रश्नाला आज त्याच्याच नावाने ओळखतात. बाहेरून येणारं पाणी जवळजवळ रिकामं. तरीही खडकावर मासे, खेकडे, शिंपले, कृमी, स्पंज यांना पाय ठेवायला जागा नाही. एवढ्यांचं पोट भरतं कशावर?

उत्तराचा पहिला धागा पॉलिपच्या कातडीखाली आहे. प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवालं राहतात. एका चौरस सेंटिमीटर प्रवाळात त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास असू शकते. ही शैवालं एका मोठ्या प्लवककुळातली आहेत. त्यांचे कितीतरी भाऊबंद आजही पाण्यात मोकळे तरंगत असतात. प्रवाळाने आपल्यापुरते प्लवक घरातच ठेवून घेतले, असं म्हणायला हरकत नाही. दिवसा ही शैवालं प्रकाशावर साखर आणि चरबी बनवतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. अनेक जातींत प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा हिस्सा यातून भागतो. बदल्यात पॉलिपच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया शैवाल खत म्हणून वापरतं. मॉन्टिपोराच्या बाबतीत तर आई अंड्यातच शैवालाची शिदोरी बांधून देते. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या गोळ्यांमध्ये पुढच्या पिढीबरोबर तिचे भाडेकरूही प्रवासाला निघालेले असतात.

पण नुसत्या साखरेवर शरीर वाढत नाही. प्रथिनांसाठी नायट्रोजन हवा, शिवाय फॉस्फरस हवा, आणि ते शैवालाला हवेतून बनवता येत नाहीत. म्हणून रात्री दुसरा अंक सुरू होतो. दिवसभर खडकाच्या भेगांत, वाळूत दडून बसलेले सूक्ष्म प्राणी-प्लवक अंधार पडला की वर येतात. तांदळाच्या दाण्याहून लहान कोपेपॉड, कोळंबीची नि खेकड्यांची पिलं, अनेक कृमी. त्याच वेळी पॉलिप आपले शुंडक फुलवतात. शुंडकांवरच्या दंशपेशींत गुंडाळी केलेली विषारी नळी असते. स्पर्श झाला की ती सुटते, भक्ष्य लुळं पडतं आणि तोंडाकडे ओढलं जातं. दिवसा झाडासारखं जगणारं प्रवाळ रात्री शिकारी होतं.

माशांचाही यात हिस्सा आहे. प्लवक खाणारे छोटे मासे दिवसा खडकाच्या समुद्राकडच्या अंगाला थवे करून उभे राहतात आणि प्रवाहाबरोबर येणारे प्लवक वेचून खातात. बाहेरच्या पाण्यातून आलेलं अन्न अशा रीतीने खडकावरून निसटून जाण्याआधीच पकडलं जातं. मग मासे प्रवाळाच्या फांद्यांत आसरा घेतात आणि तिथेच त्यांची विष्ठा नि मूत्र पडतं. कॅरिबियन समुद्रात ज्युडी मायर आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवलं की ज्या प्रवाळवसाहतींवर माशांचे थवे विसावतात त्या इतरांपेक्षा झपाट्याने वाढतात.

स्पंजांची गोष्ट तर आणखी नवी. प्रवाळ आणि शैवालं पाण्यात बराच चिकट, विरघळलेला सेंद्रिय पदार्थ सोडतात. तो इतका विरळ असतो की बहुतेक प्राण्यांना खाता येत नाही. नेदरलँड्सच्या यास्पर द खुई यांच्या गटाने २०१३ साली मांडलं की खडकांच्या फटींत राहणारे स्पंज हा विरघळलेला पदार्थ शोषतात आणि आपल्या जुन्या पेशी भराभर टाकत राहतात. त्या पेशींचा भुगा कृमी, खेकडे, गोगलगाई खातात. वाया जाणार असलेलं पुन्हा अन्न होतं.

कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरात भाताचं निवळ पेजेत जायचं, सालं गोठ्यात, गोठ्यातलं शेण शेतात, आणि शेतातला भात परत चुलीवर. प्रवाळखडकाचा संसार नेमका याच रीतीचा आहे. बाहेरून येणारी भर थोडी, पण आत आलेला नायट्रोजनचा कण सहजासहजी बाहेर पडत नाही. या पोटातून त्या पोटात तो कितीतरी वेळा फिरतो. खडकाची श्रीमंती साठ्यात नसून या फिरतीत आहे. त्यामुळे डार्विनच्या कोड्याला एक विचित्र शेपूट फुटतं. काटकसरीवर उभ्या असलेल्या या घरात अचानक सुबत्ता आली तर काय होईल?

भिंतीच्या आतली शेती

सुबत्ता कुठे असावी याचं भान हवाईच्या मूळ रहिवाशांना होतं. त्यांच्या कुमुलिपो या सृष्टिकथेच्या दीर्घ मंत्रात जिवांच्या जन्माची सुरुवातच प्रवाळाच्या पॉलिपपासून होते. आणि कानेओहेच्या काठावर त्यांनी सहाशे ते आठशे वर्षांपूर्वी एक नमुनेदार काम उभं केलं, हेएइयाचं मत्स्यतळं. बेसॉल्टचे दगड आणि मधे प्रवाळाचे तुकडे भरून रचलेली सुमारे दोन किलोमीटरची भिंत, आणि तिच्या आत अठ्ठ्याऐंशी एकर उथळ पाणी.

डोंगरातून येणारा ओढा आधी अळूच्या पाणथळ वाफ्यांतून फिरे. तिथे त्याचा गाळ बसे. मग ते पाणी तळ्यात येऊन भरतीच्या खाऱ्या पाण्यात मिसळे. क्षार, ऊन आणि उथळपणा एकत्र आल्यावर शैवालं नि प्लवक दाटून येणारच. त्यावर बोयसारखे मासे पोसले जात. भिंतीतल्या झडपांना लाकडी जाळ्या असत. पिलं आत येत, मोठी झाली की बाहेर पडता येत नसे. मोठ्या माशाला लहान मासा खाऊ घालून वाढवण्यापेक्षा थेट शैवालावर जगणारा मासा वाढवणं किती किफायतशीर, हे या लोकांनी आकडेमोडीशिवाय ओळखलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांना साधली होती. हिरवं, सकस पाणी भिंतीच्या आत राही आणि प्रवाळाला मानवणारं निवळ पाणी बाहेर. आज स्थानिक लोक ही भिंत पुन्हा बांधून काढत आहेत आणि तळ्यात पुन्हा मासे वाढवू लागले आहेत.

पोट भरून मरणारा खडक

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास हे भान सुटलं. नौदलाच्या विमानतळासाठी उपसागराचा तळ खरवडला गेला आणि प्रवाळाचे कित्येक खडक कापले गेले. युद्धानंतर डोंगराखालून बोगदे निघाले, होनोलुलूला जाणं-येणं सोपं झालं आणि कानेओहेच्या काठी वस्ती वाढत गेली. तिचं सांडपाणी उपसागराच्या दक्षिण भागात सुटू लागलं. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते दररोज सुमारे दोन कोटी लिटरवर गेलं होतं.

सांडपाणी म्हणजे प्लवकांसाठी खतच. दक्षिणेकडचं पाणी हिरवट, धूसर झालं. वनस्पती-प्लवक वाढले, त्यांच्यामागून प्राणी-प्लवकही वाढले. इथे साधा हिशेब सांगेल की प्लवक खाणाऱ्या प्रवाळाची चंगळ झाली असणार. घडलं उलटं. दक्षिण भागातलं प्रवाळ मेलं आणि त्याच्या जागी पाणी गाळून खाणारे स्पंज, बार्नेकल आणि नळ्यांत राहणारे कृमी माजले. मध्यभागात डिक्टिओस्फेरिया नावाच्या, फुगीर बुडबुड्यांनी बनलेल्या हिरव्या शैवालाने बोटांसारख्या फांद्यांच्या पोरायटिस प्रवाळावर पसरायला सुरुवात केली. हे शैवाल फांद्यांच्या बुडाशी रुजतं, वर चढतं आणि अख्ख्या वसाहतीला झाकून टाकतं. झाकलेलं प्रवाळ प्रकाशाविना मरतं.

चंगळीत प्रवाळ का हरतं? कारण त्याचं सगळं कौशल्य तंगीत जगण्याचं आहे. वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटर वाढणं, मिळालेला कण जपून वापरणं, प्रकाशाचा किरणही वाया न घालवणं, हे गुण इतर कुणाला जगताच येत नाही अशा पाण्यात जिंकून देतात. पाण्यात खत पडलं की झपाट्याने वाढणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. जागा त्यांची होते, आणि प्लवकांनी दाटलेलं पाणी तळापर्यंतचा प्रकाश अडवतं. प्रवाळाच्या घरातला शैवालाचा संसार अंधारात बसतो.

मग १९७७ च्या डिसेंबरात आणि १९७८ च्या मध्यापर्यंत मोठे नळ वळवून ते पाणी बाहेरच्या खोल समुद्रात सोडलं जाऊ लागलं. स्टीफन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आधीपासूनच नोंदी ठेवल्या होत्या. त्यामुळे एवढ्या मोठ्या उपसागराचं खत बंद केल्यावर काय होतं, हे पाहण्याची दुर्मीळ संधी मिळाली. प्लवकांचं प्रमाण लवकर घटलं, पाणी निवळलं. गाळून खाणाऱ्यांची फौज अन्नाअभावी ओसरली. तळाला मात्र वेळ लागला. वर्षानुवर्षं मेलेले प्लवक तळाशी साचले होते, आणि त्यांच्यातले क्षार हळूहळू पाण्यात परतत होते. नळ बंद झाला तरी त्याची आठवण चिखलात उरते, हा या प्रयोगाचा मोठा धडा. तरीही १९७१ च्या पाहणीशी तुलना करता १९८३ पर्यंत प्रवाळाचं आच्छादन दुपटीहून जास्त झालं.

पुढे काय काय होईल हे कुणी सांगू शकलं नसतं. डिक्टिओस्फेरिया बरंच कमी झालं, पण काही भागांत चिवटपणे टिकून राहिलं. कारण जाड थराखाली त्याने आपला क्षारांचा खासगी साठा करून ठेवला होता. मग २००६ च्या वसंतात सहा आठवडे सलग पाऊस लागला, आकाश झाकलेलं राहिलं आणि दशकानुदशकं हटत नसलेलं हे शैवाल प्रकाश घटल्यामुळे बघता बघता नाहीसं झालं. सुबत्तेने आणलेल्या पाहुण्याला ढगांनी घालवलं.

पूर, आणि दोन वेगळे शेवट

कानेओहेला आणखी एक कसोटी निसर्गानेच घेतली, तीही दोनदा. गोडं पाणी खाऱ्याहून हलकं असतं. कोओलाऊवर ढगफुटी झाली की पुराचं पाणी उपसागरावर थर करून पसरतं आणि वरच्या मीटर-दोन मीटरमधलं प्रवाळ मरतं. १९६५ च्या मे महिन्यात हेच झालं, आणि १९८७ सालच्या शेवटच्या दिवशीच्या वादळात पुन्हा.

दुसऱ्या वेळी एक विलक्षण गोष्ट नोंदली गेली. पुरानंतर पाण्यात वनस्पती-प्लवकांची प्रचंड भर आली. मेलेल्या जिवांच्या शरीरांतून क्षार सुटले आणि खडकाने इतकी वर्षं आपल्या फिरतीत धरून ठेवलेलं धन एकदम पाण्यात आलं. काही काळ जिवंत खडकाचा ऐवज हिरवं पाणी होऊन तरंगत होता. प्रवाळखडक म्हणजे घट्ट धरून ठेवलेले प्लवक आणि प्लवक म्हणजे सुटा झालेला खडक, हे इतक्या ढळढळीतपणे क्वचितच दिसतं.

फरक पुढे दिसला. १९६५ नंतर सांडपाणी सुरूच होतं. मेलेल्या भागांत प्रवाळ परतलं नाही, जागा इतरांनी बळकावली. १९८७ च्या वेळी पाणी स्वच्छ होतं. खोलातल्या जिवंत तुकड्यांमधून प्रवाळ पुन्हा वर आलं आणि काही वर्षांत खडक सावरला. आघात सारखाच, पण पाणी वेगळं, म्हणून शेवटही वेगळा.

सगळ्याच चुका नळ वळवून दुरुस्त होत नाहीत, हेही कानेओहेने शिकवलं. बेटाभोवतीचे प्लवक मोजणाऱ्या त्याच डोटींनी १९७० च्या दशकात कॅरागीनन या घट्ट करणाऱ्या पदार्थासाठी कॅपाफायकस जातीची शैवालं बाहेरून आणून या उपसागरात लावली. शेती उभी राहिली नाही, शैवाल मात्र खडकाखडकावर पसरलं आणि प्रवाळाला गिळू लागलं. पुढे तरंगत्या पंपांनी ते खेचून काढावं लागलं, आणि मागे उरलेल्या अंकुरांवर प्रयोगशाळेत वाढवलेले हजारो स्थानिक सी-अर्चिन चरायला सोडावे लागले. याच शैवालाची लागवड तमिळनाडूच्या किनाऱ्यावर होते, आणि मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळावर ते पसरल्याच्या नोंदी आहेत.

आपला अरबी समुद्र या आरशात

हा सगळा तर्क कोकणाला लावून पाहण्यासारखा आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं. नद्या गाळ आणि क्षार घेऊन उतरतात. समुद्र हिरवट, गढूळ होतो, प्लवक उसळतात, आणि त्यांच्यावर तारली (मालवणीत पेडवे) नि बांगडा पोसला जातो. रापणीला लागणारे चंदेरी ढीग हे एका अर्थी पावसाळी प्लवकांचंच रूपांतर. अशा भरल्या पाण्याजवळ मोठे प्रवाळखडक का नाहीत, याचं उत्तर आता सोपं वाटतं. १९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झालेल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, पण गाळ आणि गोडं पाणी सोसणाऱ्या जातींचं, विखुरलेलं.

त्याच अरबी समुद्रात लक्षद्वीप मात्र प्रवाळाचंच बनलेलं आहे. तिथे नदी नाही, गाळ नाही, आणि पाणी निळं. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्राखाली वीसेक मीटर खोलीवर एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आंग्रिया बँकेवर प्रवाळ भरभरून आहे. कोकणच्या नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही. थाळीतली तारली हिरव्या समुद्राची आणि आंग्रियाचं प्रवाळ निळ्या समुद्राचं. दोन्ही आपलीच, पण त्यांना लागणारं पाणी एकमेकांच्या विरुद्ध.

उष्णतेची नवी परीक्षा

उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक-दोन अंशांनी जरी काही आठवडे तापलं, तरी प्रवाळ आणि शैवाल यांचा संसार मोडतो. शैवाल बाहेर टाकलं जातं, रंग जातो, पांढरा सांगाडा पारदर्शक कातडीतून दिसू लागतो. कानेओहेत हे १९९६ मध्ये झालं, आणि २०१४ नि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं झालं.

इथे प्लवक पुन्हा मंचावर येतात. आंद्रेआ ग्रॉटोली, लिसा रॉड्रिग्ज आणि जेम्स पॅलार्डी यांनी कानेओहेतल्या प्रवाळांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. टाक्यांतल्या गरम पाण्यात रंग गमावलेली प्रवाळं त्यांनी परत खडकावर ठेवली. पोरायटिस अंगातला साठा जाळत राहिलं. मॉन्टिपोराने मात्र प्राणी-प्लवकांची शिकार इतकी वाढवली की भाडेकरू गेलेले असतानाही ऊर्जेची अख्खी गरज शिकारीवर भागली. दिवसा सूर्यावर जगणारा जीव संकटात पूर्णपणे रात्रीच्या धंद्यावर आला. म्हणजे प्लवक प्रवाळाचे शत्रू नव्हेत. घात करतं ते पाण्यात पडलेलं खत. खडकाच्या आपल्या रीतीने येणारा रात्रीचा घास तर जीव वाचवतो.

मोकू ओ लोए बेटावर १९७० साली पॉल जोकिएल आणि स्टीफन कोल्स यांनी तीन जातींची प्रवाळं तापवलेल्या पाण्यात ठेवून ती किती सोसतात ते पाहिलं होतं. कोल्स यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये त्याच जागी, त्याच जातींवर, तसाच प्रयोग पुन्हा केला. या वेळी प्रवाळ उशिरा पांढरं पडलं आणि जास्त संख्येने जगलं. सत्तेचाळीस वर्षांत उपसागराचं पाणी तापत गेलं, आणि प्रवाळही थोडं कणखर होत गेलं. याच संस्थेच्या संचालक रूथ गेट्स यांनी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत अशी कणखर प्रवाळं निवडून वाढवण्याचा ध्यास घेतला होता. समुद्र ज्या वेगाने तापतो आहे त्या वेगाने प्रवाळ बदलेलच, अशी हमी मात्र या प्रयोगातून मिळत नाही.

हमी नसली तरी दिशा मिळते. सांडपाण्याचे नळ एका शहराने ठरवलं आणि वळवले. तापमान उतरवायला सगळ्या जगाने ठरवावं लागेल, आणि त्याला वेळ लागेल. तो वेळ प्रवाळाला कोण मिळवून देणार, याचं उत्तर १९६५ आणि १९८७ च्या पुरांनी दिलेलं आहे. आघात टळला नाही तरी स्वच्छ पाण्यातला खडक पुन्हा उभा राहतो. डोंगरउतारावरची माती जागेवर राहणं, गटाराचं पाणी प्रक्रियेविना समुद्रात न जाणं, परकी शैवालं विचार न करता न लावणं, या गोष्टी कुठल्याही जागतिक कराराची वाट पाहत नाहीत. त्या मालवणच्या नगरपालिकेलाही करता येतात आणि ओआहूच्याही. समुद्राला उपाशी ठेवणं हे ऐकायला निर्दय वाटतं, पण प्रवाळासाठी माणसाने करण्यासारखी सर्वांत मोठी मेहेरबानी तीच आहे.